बैठकीची घोंगडी

मठाची घंटा आणि आमचा माग, या दोन आवाजांमध्ये मी वाढलो. तेलगावहून धारूरच्या डोंगराकडे निघालं की उजव्या हाताला एक दगडी कमान दिसते, तो मठ. निजामाच्या राज्यात कुणी परदेशी पाद्र्यांनी माळावरची जमीन घेतली आणि डोंगरातलाच काळा दगड फोडून तो बांधला. त्याच्या मागच्या उतारावर आमची मेंढपाळांची वस्ती. मठातले लोक ठरल्या वेळी प्रार्थना करीत, जेवताना एकमेकांशी बोलत नसत, आणि संध्याकाळची त्यांची घंटा झाली की आमच्या बायका चुलीला जाळ घालत. वस्तीत घड्याळ कुणाकडेच नव्हतं, आणि मठाकडे ते असल्यानं कुणाचं अडतही नव्हतं. उन्हाळ्यात आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची, रानाला खत व्हायचं, त्याबदल्यात ते ज्वारी द्यायचे. यापलीकडे त्यांनी आम्हाला बाटवलं नाही की आम्ही त्यांना हटकलं नाही. येशू तिकडे, बिरोबा इकडे, मधे एक बाभळीचं कुंपण, आणि त्या कुंपणाला दोन्ही बाजूंनी मेंढरांची लोकर अडकलेली.

आमचं घर दोन खोल्यांचं. त्यातली एक मागाची, म्हणजे राहायला एकच. जमिनीत कमरेएवढा खड्डा होता, त्यात पाय सोडून बा बसायचा, समोर काळ्या लोकरीचा उभा ताणा, आणि दिवसभर धप्प, धप्प. आडवं सूत नेणारा धोटा फेकल्यावर तो क्षणभर थांबायचा आणि मग फळीचा ठोका द्यायचा. लोकर पिंजणं, चरख्यावर सूत काढणं, गल्लीत ताणा पसरून त्याला चिंचोक्याची खळ लावणं ही कामं बायकांची. खळ शिजायला लागली की तिचा जड, चिकट वास घरभर व्हायचा आणि आम्हाला भूक लागायची, कारण खळीसाठी आणलेल्या चिंचोक्यांतले मूठभर माय आमच्यासाठी तव्यावर भाजायची. ते फोडताना दात शिवशिवायचे. रात्री हुलग्याचं पातळ माडगं, ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी. अलीकडे डॉक्टरांनी जवस चांगला म्हणून सांगितल्यापासून माझ्या ओळखीचे लोक तो चमच्यानं, तोंड वाकडं करून खातात. त्यांना मी काही सांगत नाही. मी मुळात फार बोलणारा माणूस नाही. जिल्ह्याच्या कोर्टात आयुष्यभर मी लोकांच्या साक्षी टाइप केल्या, म्हणजे लोक खरं-खोटं बोलत राहिले आणि मी मान खाली घालून बडवत राहिलो. त्या कामाला माझ्यासारखा गप्प माणूसच लागतो, आणि तसा मी का झालो ते आज सांगायचं आहे.

लोकरीचं एवढं सगळं बायका करायच्या, पण मागाच्या खड्ड्यात बाईनं पाय सोडायचे नाहीत, अशी वस्तीची रीत होती. कावून, म्हणून मी मायला एकदा विचारलं. ती सूत काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "मेंढरं मरत्यात म्हनं." त्यातला ‘म्हनं’ तिनं असा काही उच्चारला की मी पुढे विचारलं नाही. माय अंगानं बारीक होती आणि तिचं बोलणंही तिच्यासारखंच, जेवढ्यास तेवढं. बा उलट. तो मेंढरांशी बोलायचा, मागाशी बोलायचा, लोकांना नावं ठेवायचा आणि मग त्यांनाच घरी बोलावून माडगं पाजायचा. त्याचं नाव म्हाळू, मायचं कौतिका.

आता बैठकीच्या घोंगडीबद्दल. वस्तीचे तंटे कचेरीत जात नसत. कुणाचं कोकरू कुणाच्या कळपात गेलं, कुणी कुणाच्या चराईत घुसलं, अशी तकरार आली की आमचा मेंढका, म्हणजे सगळ्या कळपांचा कारभार बघणारा म्हातारा गणूतात्या, लिंबाखाली ही घोंगडी अंथरायचा. तिच्यावर चप्पल घालून यायचं नाही आणि तिच्यावर बसून खोटं बोलायचं नाही. घोंगडीवर बसून खोटं बोललेला माणूस मी पाहिला नाही. बसायलाच नको म्हणणारे पाहिले, आणि तेवढ्यावर निकाल लागायचा. ही घोंगडी विणायचा मान आमच्या घराचा. नवी घोंगडी पहिल्यांदा अंथरली की विणणाऱ्यानं एकट्यानं तिच्या मधोमध बसायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, ‘ही मी विणली. हिच्यावर खोटं बोलू नका.’ मग भंडारा उधळायचा, मग बाकीच्यांनी बसायचं. माझ्या आज्यानं ते वाक्य म्हटलं होतं. त्याच्या घोंगडीवर बसूनच बाच्या लहानपणचे सगळे तंटे मिटले होते.

सातवी झाल्यावर बानं मला मठाच्या बोर्डिंगात घातलं. घर कुंपणापलीकडे, तरी नियम नियम होता, सुटी लागल्याशिवाय घरी जायचं नाही. बोर्डिंगात गादी होती, वेळेवर वरण-भात होता, आणि खिडकीतून माग ऐकू यायचा, तेव्हा घर सुटल्यासारखं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला तिथं घरापेक्षा बरं वाटायचं. आमच्यावर एक फादर होते, फार उंच, त्यामुळे सगळा मुलूख त्यांना लांबे फादर म्हणायचा आणि त्यांचं खरं नाव कुणाला येत नव्हतं. मराठी ते आमच्या मेंढपाळांकडूनच शिकले होते, तेव्हा प्रवचनातसुद्धा ‘न्हाई’ आणि ‘लई’ म्हणायचे. मोटा जाऊन इंजिनं आली, मातीचे रांजण जाऊन पत्र्याच्या टाक्या आल्या, तसा त्यांनी एक नाद धरला. सायकलवरून गावोगाव हिंडून टाकलेल्या वस्तू गोळा करायचा. मोटेचं चाक, तिफण, लाकडी पायली, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा असं सगळं त्यांनी मठाच्या जुन्या भोजनगृहात मांडलं आणि त्याला वस्तुसंग्रहालय असं भारदस्त नाव दिलं. लोक हसायचे. गणूतात्या एकदा म्हणाला होता, "फादर, आमची म्हातारी ठिवता का आत? तीबी जुनीच हाय, आन कुणी हात बी लावनार न्हाई." फादर गंभीरपणे म्हणाले, जागा करतो. माझं अक्षर बरं होतं म्हणून वस्तूंपुढच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. वस्तू, गाव, करणाऱ्याचं नाव. आजही तिथल्या काही चिठ्ठ्या माझ्या हातच्या आहेत.

माझी नववी चालू असताना पावसाळ्यात आज्याच्या घोंगडीला कसर लागल्याचं कळलं. उचलली तर हातात भोकं आली. दिवाळीला नवी अंथरायची असं ठरलं, आणि लगेचच बा बाभळीवरून पडला. मेंढरांसाठी पाला तोडायला चढला होता. उजवं मनगट मोडलं. हाड बसवणाऱ्यानं ते बसवलं, पण वाकडं बसलं. मला वाटलं, मान आता दुसऱ्या घराकडे जाणार. पण काही दिवसांनी बोर्डिंगाच्या खिडकीतून माग ऐकू आला. ठोका वेगळा होता. धोटा आणि फळीच्या मधलं ते थांबणं नव्हतं, एकसारखं, घाईचं, हलकं धप्प-धप्प-धप्प. मोडक्या हातानं बा नेट लावून विणतोय असं मी समजलो आणि मला त्याचा असा अभिमान वाटला की वर्गातल्या पोरांना खिडकीशी आणून ऐकवलं. गणूतात्याही घरावरून जाताना थबकला होता म्हणे. बा दारातच उभा होता. "ठोका बदललाय, म्हाळू." "हात मोडलाय, तात्या." "तेच म्हनतो मी," म्हणून म्हातारा निघून गेला.

दिवाळीच्या सुटीत घोंगडी अंथरली. काळीभोर, काठाला पांढऱ्या लोकरीची पट्टी, वीण इतकी घट्ट की फादरांनी हात फिरवून मान डोलावली. बायका गोठ्याच्या आडून बघत होत्या. माय त्यांच्यातही नव्हती, तव्यावर भाकरी आहे म्हणाली. बा मधोमध बसला, मोडका हात मांडीवर. त्यानं तोंड उघडलं आणि त्याचा आवाज फुटेना. मग कसंबसं म्हणाला, ही मी विणली. पुढचं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही. गणूतात्यानं भंडारा उधळला. बाला भरून आलं असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो.

त्यानंतर बा बदलला. वस्तीत कुणाची कुरबूर ऐकू आली की हातातलं काम टाकून तो धावत जायचा. दोघांना समजवायचा, एकाला आपल्याकडचं कोकरू द्यायचा, दुसऱ्याच्या पाया पडायचा, पण तंटा बैठकीपर्यंत जाऊ द्यायचा नाही. त्या हिवाळ्यात एकदाही घोंगडी अंथरली गेली नाही. हात मोडल्यापासून म्हाळू संत झाला असं लोक म्हणायचे. मग एक दिवस तो गणूतात्याला घेऊन लांबे फादरांकडे आला. ही घोंगडी मोडक्या हातानं विणलेली आहे, बैठकीला शोभत नाही, ती मठात कायमची जपून ठेवा, हात सुधारला की मी दुसरी विणतो, असं त्याचं म्हणणं. फादरांना तर पाहिजेच होती. काचेचं कपाट करवून त्यांनी ती आत टांगली आणि मी माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अक्षरात चिठ्ठी लिहिली. बैठकीची घोंगडी. विणणार: म्हाळू. पुढच्या वर्षी बानं खरंच दुसरी विणली, त्याच्या नेहमीच्या ठोक्यानं. ती वाकड्या हाताची होती आणि दिसायला पहिलीच्या पासंगालाही पुरत नव्हती. पण ती अंथरली तेव्हा त्याचा आवाज लिंबापलीकडे पोचला.

हे दुसरं विणणं व्हायच्या आधीची गोष्ट मला सांगायची आहे. ईस्टर जवळ आला होता आणि प्रार्थनाघरातल्या सगळ्या लाकडाला जवसाचं तेल चोळायचं काम आम्हा मुलांवर होतं. माझ्या वाट्याला पापनिवेदनाची पेटी आली. ज्या वाचकांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ते एक उभं लाकडी कपाट असतं. आत फादर बसतात, दार लावून. बाहेरच्या बाजूला गुडघे टेकून माणूस जाळीतून आपलं जे काही असेल ते सांगतो. आतल्याचं तोंड दिसत नाही, आणि त्या पेटीत ऐकलेलं बाहेर कधी, कुणालाही सांगायचं नाही, जीव गेला तरी. लांबे फादरांनी हे आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की आम्ही पोरं ख्रिस्ती नसूनही त्या पेटीला वचकून होतो. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत दगडांचा गारवा. मी आतली बाजू चोळत होतो. बसल्याशिवाय कोपरे सापडेनात म्हणून फादरांच्या जागेवर बसलो, कवडसा डोळ्यावर येत होता म्हणून दार ओढलं, आणि बाहेर कुणीतरी गुडघे टेकले.

आधी घोंगडीचा आणि मेंढरांचा वास आला. मग आवाज.

"फादर, मी मेंढरवाला म्हाळू. तुमी म्हनला होताव, आमच्यासारख्याचं बी ऐकता म्हनून."

उठून सांगता आलं असतं की बा, आत मी आहे. तेवढा वेळ होता. पण मी हललो नाही.

"ती काचंतली घोंगडी मी विणली न्हाई," बा म्हणाला. "पोराच्या मायनं विणली. खड्ड्यात पाय सोडून बसली ती. मी दारात बसून राखन केली, कुणी आत यिऊ नाही म्हनून. आन मग सगळ्यांम्होरं बसून मी म्हनलो, मी विणली. तिच्यावर पैलं बोलनंच खोटं झालं, फादर. खरं सांगावं तर वस्ती म्हनल, बाईनं पाय सोडले. उद्या एखादं मेंढरू मेलं तरी हिच्यावर येतंय. न्हाई सांगावं तर ते मला गिळू देईना. आता म्या काय करावं?"

तो थांबला. फादर काहीतरी सांगतात हे त्याला माहीत होतं, तो वाट बघत होता. माझ्या हातात तेलाचा बोळा होता आणि त्यातलं तेल माझ्या पायावर ठिबकत होतं. पलीकडून बाचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बरं. ऐकलं न्हवं, लई झालं." आणि उठून गेला.

तासाभरानं मला फाटकावर बोलावणं आलं. बा भाकरीचं फडकं घेऊन उभा होता, अधूनमधून आणून द्यायचा तसा. फडकं देताना त्यानं माझा हात धरला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "जवस चटणीत खावा. लाकडाला कावून पाजताव?" मी हसलो नाही. एरवी हसलो असतो. तो थोडा वेळ उभा राहिला, माझ्या तोंडाकडे बघत, आणि मग उतार उतरून गेला.

आजवर हे मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. पेटीत ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं हे कारण माझ्यापाशी तयार होतं, आणि मायला त्रास होईल हे दुसरं. दोन्ही कारणं खरी होती आणि दोन्ही मी वापरली. पण त्या दिवशी मला जे वाटलं ते वेगळंच होतं. माझा बाप घोंगडीवर बसून खोटं बोलला, याची मला लाज वाटली. त्याच्या मोडक्या हाताचा अभिमान मी पोरांना खिडकीशी आणून दाखवला होता, तो सगळा पाण्यात गेला. मायनं काय केलं, कशी विणली असेल, याचा मी विचारही केला नाही. पुढे बा समोर आला की मी कामाचं तेवढं बोलायचो. तो मेंढरांशी, मागाशी बोलायचा आणि माझ्याशी बोलायला लागला की मधेच थांबायचा, धोटा आणि फळीच्या मधे थांबायचा तसा. मी बीडला नोकरीला लागलो, लग्न केलं, बाला शहरात आणून डॉक्टर दाखवले, काही कमी पडू दिलं नाही. तो गेला तेव्हा मी त्याच्या उशाशी होतो. तेव्हाही त्यानं माझा हात धरून नाकाशी नेला होता. मला वाटलं, आजारपणात माणसं काहीही करतात.

यंदा मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, अंबाजोगाईला. पट्टी सुटली, काळा चष्मा चढला, आणि दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून तिनं आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "लई म्हातारे झालेत की," म्हणाली. मग गाडीत बसल्यावर म्हणाली, "आता दिसतंय, तर मला मठात ने."

मठात काय बघायचं आहे, असं मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं. ती म्हणाली, "घोंगडी. मी ती कधी बघितलीच न्हाई. बंद दाराच्या आड विणली ती, कौलाच्या फटीतून येईल तेवढ्या उजेडात. अंथरली तेव्हा मी तव्यापाशी. मग काचंम्होरं जायचा धीर न्हाई झाला." हे ती इतक्या सहज बोलली की मी गिअर बदलायचं विसरलो. ‘मी विणली’ असं तिनं माझ्यासमोर याआधी कधी म्हटलं नव्हतं. आणि मी चमकलो नाही, विचारलं नाही, हे तिच्या लक्षात आलं असणार. ती खिडकीतून ऊस बघत बसली.

मठात आता थोडेच म्हातारे ब्रदर उरले आहेत. लांबे फादर मागच्या दफनभूमीत आहेत. संग्रहालय एक तरुण सिस्टर बघते, इथलीच, तेलगावकडची. तिनं दार उघडलं, दिवे लावले आणि सहलीच्या पोरांना सांगतात तसं सांगायला लागली. ही मोट, ही तिफण. माय मोटेपाशी थांबली नाही. ती सरळ काचेच्या कपाटापाशी गेली, चष्मा वर केला, खाली केला, आणि नाक काचेला लागेपर्यंत वाकली. सिस्टरनं माझी चिठ्ठी वाचून दाखवली. विणणार, म्हाळू. काचेवर तिच्या श्वासाचा ढग आला, तो तिनं पदरानं पुसला.

सिस्टर मला म्हणाली, "हे तुमचे वडील ना, काका? मोडक्या हातानं विणली म्हणे. आम्ही सगळ्यांना सांगतो."

आयुष्यात इतक्या साक्षी टाइप करून मला एक गोष्ट कळली आहे. माणूस खरं बोलायला लागला की त्याचा आवाज मोठा होत नाही, उलट साधा होतो. मी म्हणालो, "नाही. ही माझ्या आईनं विणली. ती चिठ्ठी मी लिहिली आहे आणि ती खोटी आहे."

सिस्टरनं मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "असं उभ्या उभ्या न्हाई सांगायचं, पोरी. तिला बाहेर काढ."

नियम आडवा येत होता. वस्तूला हात लावायचा नाही, हे त्या पोरीनंच पाटीवर लिहिलं होतं. तिनं फोन हातात घेतला, पुन्हा ठेवला, आणि कमरेची किल्ली काढली. घोंगडी आम्ही दोघांनी उचलली. इतकी जड असेल असं मला वाटलं नव्हतं. दगडी ओसरीवर, उन्हात, आम्ही ती अंथरली. काळा रंग थोडा तांबूस पडला होता, काठ अजून पांढरे. मायनं चपला काढल्या. गुडघ्यावर हात देत ती मधोमध गेली आणि बसली, पाय पुढे सोडून, खड्ड्यात सोडतात तसे. मी शेजारी बसायला गेलो तर म्हणाली, "तू थांब. आधी मी."

तिनं दोन्ही तळवे विणीवरून फिरवले. मग समोरच्या कमानीकडे बघत, मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता एवढ्या आवाजात म्हणाली, "ही मी विणली. हिच्यावर खोटं बोलू नका."

ओसरीच्या टोकाला एक म्हातारे ब्रदर जपमाळ घेऊन बसले होते, त्यांनी मान वर केली. मायनं मला हात केला. मी चपला काढून बसलो. आता गप्प बसायची सोय नव्हती.

"माय," मी म्हणालो, "बा सांगायला आला तेव्हा त्या पेटीत फादर नव्हते. मी होतो."

"मालूम हाय."

मला वाटलं तिला नीट ऐकू गेलं नाही.

"तुझा बा घरी आला तवाच म्हनला," माय म्हणाली. "म्हनला, जाळीतून जवसाचा वास यीत होता. फाटकावर पोराचा हात हुंगला, तोच वास. म्हनला, पोरगं होतं आत. मी म्हनलं, मग आता? तर म्हनला, बरं झालं. फादरला सांगून काय, तो मातीत नेणार. घरातल्याला कळलं. आता पोरगं मोठं झालं की बोलंल."

"मग तो कधी काही बोलला का नाही मला?"

"तू कुठं बोललास?"

तिनं हे रागानं म्हटलं नाही. चरख्यावर सूत तुटलं की ती शांतपणे दोन टोकं शोधायची, तसं म्हटलं. शेवटच्या आजारात बानं माझा हात नाकाशी का नेला ते मला त्या ओसरीवर कळलं. तो आठवण करून देत होता. तेवढ्यात मठाची संध्याकाळची घंटा झाली. माय सवयीनं म्हणाली, चुलीचं बघायला पायजे, आणि स्वतःच हसली.

सिस्टर कोरी चिठ्ठी आणि पेन घेऊन आली. मला म्हणाली, तुमचंच अक्षर आहे, तर तुम्हीच लिहा. मी घोंगडीवर मांडी घालूनच लिहिलं. बैठकीची घोंगडी. विणणार: कौतिका. मायला वाचता येत नाही, पण नव्या डोळ्यांनी तिनं ती चिठ्ठी हातात घेऊन वरखाली पाहिली. तुझं नाव लिहिलंय, मी सांगितलं.

"आन त्याचं?"

"त्यानं विणली नाही ना, माय."

"दार कुनी राखलं मग?" ती म्हणाली. "समदी वस्ती जातीयेती होती. खान्यापिन्याबिगर दारात बसला त्यो, दिवाळीपातूर. लिही."

मी खालच्या ओळीत लिहिलं, दार राखणार: म्हाळू. तिनं चिठ्ठी पुन्हा घेतली, हात लांब करून धरली, मान तिरकी करून बघितली आणि मला परत दिली.

"लई बारीक काढलंस," माय म्हणाली. "मोठं काढ. लांबून दिसलं पायजे."